वही कोरी असली तरी या

व्यसनमुक्तीच्या फॉलोअपला येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक काम मिळतं. छोटी वही घ्यायची आणि रोज रात्री लिहायचं: आज तलफ किती वाजता आली, कुठं होतो, सोबत कोण होतं, तलफेला दहापैकी किती गुण, मग काय केलं. काम साधं आहे आणि उपयोगाचंही. पण ज्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं लहानपणापासून अवघड जातं, असा माणूस आठवड्यानं येतो तेव्हा वहीत पहिल्या दिवसाच्या चार ओळी असतात, त्याही घाईत खरडलेल्या. पुढची पानं कोरी. दुसऱ्या आठवड्यात तो वहीच घरी विसरतो. तिसऱ्या आठवड्यात तो येतच नाही. फाइलवर शेरा पडतो, 'प्रेरणा कमी'. महिन्याभरानं कळतं की पुन्हा सुरू झालंय.

हा शेरा चुकीचा आहे. प्रेरणा नसती तर तो पहिल्या दिवशी आलाच नसता. कोरी वही घेऊन समोर बसायची लाज वाटली म्हणून तो आला नाही. ही लाज नवी नसते. तिसरी-चौथीत गृहपाठाची वही घरी राहिल्यावर बाईंसमोर उभं राहताना वाटायची, तीच ही. ज्या उपचारानं ती कमी व्हायची, त्याच उपचारानं तिच्यात भर घातली. एडीएचडी असलेल्या प्रौढ माणसाच्या व्यसनाचा उपचार कसा करावा याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण औषधं, डोस, थेरपीची नावं हे सगळं ठीक असूनही गाडी अडकते ती बहुतेक वेळा इथंच.

आधी थोडे आकडे. प्रौढांमध्ये एडीएचडीचं प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के धरलं जातं. व्यसनावर उपचार घेणाऱ्यांमध्ये मात्र ते पाचात एकाच्या आसपास भरतं. म्हणजे वीस जणांचा गट गोल करून बसला असेल तर त्यात चार-पाच जण असे असू शकतात. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत त्यांना कुणी त्याबद्दल विचारलेलंच नसतं.

दोन्ही गोष्टी एकत्र का येतात, हे त्या माणसाचा दिवस बघितला की समजतं. सकाळी कामाला बसायचं तर आधी तंबाखू मळून दाढेखाली धरावी लागते. निकोटिननं लक्ष थोडा वेळ खरोखरच जागेवर येतं, तो काही मनाचा खेळ नसतो. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, घरातल्या बायकांच्या हातात मिसरी. नावं वेगळी, काम तेच. संध्याकाळी डोक्यात एकाच वेळी वाजणारे दहा रेडिओ बंद करायला दोन पेग. रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइल, आणि मोबाइलवर रील्स किंवा पैशांचे खेळ. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली देशात कायद्यानं बंदी आली, तरी त्यातून झालेली कर्जं अजून फिटायची आहेत. या मेंदूला लांबचं मोठं बक्षीस जवळच्या छोट्या बक्षिसापुढं फार फिकं दिसतं. त्यात आवेग आवरायला लागणारा अर्धा-एक सेकंदही अनेकदा हाताशी नसतो. त्यामुळे 'एवढं कळतं तर करतोस कशाला?' हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नसतो. कळतंच त्याला. ज्या क्षणी कळायला हवं, नेमकं त्या क्षणी ते आठवत नाही.

आता लाज. मराठीत हिच्यासाठी शब्द भरपूर आहेत आणि थेरपीत त्यांचा फार उपयोग होतो. खजील होणं, ओशाळणं, शरमिंदं होणं, तोंड दाखवायला जागा न उरणं, या छटा वेगवेगळ्या आहेत. ओशाळलेला माणूस अजून समोर उभा असतो. तोंड दाखवायला जागा नसलेला घरातून निघून गेलेला असतो. अपराधीपणा याहून वेगळा. 'मी चुकलो' हा अपराधीपणा, 'मीच चुकीचा' ही लाज. पहिल्यातून माणूस माफी मागायला जातो, दुसऱ्यातून लपायला. आणि लपायची सगळ्यात जवळची जागा त्याला आधीच ठाऊक असते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं सांगण्याजोगा आहे. दारू नुकतीच सोडलेल्या माणसांना पिऊन वाईट वाटल्याच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलायला सांगून त्यांचं चित्रीकरण केलं गेलं. ज्यांचे खांदे पडलेले आणि छाती आत गेलेली दिसली, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याकडे वळण्याची शक्यता जास्त होती. गंमत म्हणजे 'तुम्हाला किती लाज वाटते?' या प्रश्नावलीतल्या उत्तरांवरून हे ओळखता आलं नाही, शरीरावरून आलं. म्हणून सेशनमध्ये मान कधी खाली गेली, आवाज कधी बारीक झाला, बोलणं कोणत्या शब्दावर तुटलं, हे पाहणं फॉर्म भरून घेण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं आहे.

निदानाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात. इन्स्टाग्रामवर चार रील्स बघून 'मला एडीएचडी आहे' म्हणणारे आहेत, आणि 'एडीएचडी लहान पोरांना असतो' म्हणून विषय मिटवणारे डॉक्टरही आहेत. चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेसोबत तयार झालेली एएसआरएस नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात अठरा प्रश्न आहेत आणि त्यातले पहिले सहा मुख्य. सहापैकी चार किंवा जास्त उत्तरं ठरलेल्या पट्ट्यात आली तर पुढची तपासणी करायची. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पिणाऱ्या माणसाचं लक्ष दारूमुळेही विस्कटतं, त्यामुळे व्यसनी माणसांत ही चाळणी गरजेपेक्षा जास्त जणांना पकडते. पुढची पायरी म्हणजे तासभर-दीड तासाची सविस्तर मुलाखत. तिच्यात प्रत्येक लक्षण दोनदा विचारलं जातं, एकदा आजच्या आयुष्याबद्दल आणि एकदा लहानपणाबद्दल. प्रौढाला किमान पाच लक्षणं हवीत, त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि त्रास एकाच ठिकाणी न होता घर, काम, नाती अशा किमान दोन ठिकाणी व्हायला हवा.

बारा वर्षांआधीचं कुणाला आठवणार? इथं जुनी प्रगतिपुस्तकं कामाला येतात. माळ्यावरच्या ट्रंकेत, आईनं जपून ठेवलेल्या फायलीत ती बऱ्याचदा सापडतात. गुणांपेक्षा शेऱ्यांचा रकाना वाचायचा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' 'वर्गात बडबड करतो.' 'अक्षर सुधारावे.' 'अभ्यास वेळेवर पूर्ण करत नाही.' चार वेगळ्या शिक्षकांनी चार वर्षं तोच शेरा लिहिला असेल तर तो पुरावा आहे. शक्य असेल तर आईला, मोठ्या बहिणीला किंवा मामाला फोनवर घ्यायचं. मुलींच्या बाबतीत जास्त जागरूक राहावं लागतं. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीच्या पुस्तकात 'शांत व गुणी' असा शेरा असतो, आणि तिची हरवलेली कंपासपेटी फक्त घरच्यांना माहीत असते.

माणसाचं व्यसन पूर्ण बंद झाल्याशिवाय निदान करायचंच नाही, असा जुना दंडक होता. आज तो तसा पाळत नाहीत. २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमतानं मांडलं की चाळणी शक्य तितक्या लवकर करावी आणि दोन्हींचा उपचार सोबत चालावा. अर्थात झिंगलेल्या किंवा विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा बंद झाल्यावरच्या त्रासात, थरथरणाऱ्या माणसाची मुलाखत घेण्यात अर्थ नाही. ते दिवस जाऊ द्यायचे, आणि 'व्यसन नव्हतं त्या काळात कसं होतं?' हे मुद्दाम विचारायचं. कॉलेजच्या आधी, किंवा मधे आठ महिने बंद होतं तेव्हा. सोबत थायरॉइड तपासायचं, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं विचारायचं, डिप्रेशन आणि बायपोलर नाही ना ते बघायचं. ही पायरी गाळली तर पुढं औषध चुकतं.

एक गोष्ट इथंच ठळक सांगतो. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून पितो, त्यानं हे वाचून किंवा घरच्यांच्या आग्रहानं एका रात्रीत दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास, ताप, जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. ते दिवस डॉक्टरच्या देखरेखीत, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि लागणाऱ्या औषधांसह काढायचे असतात. तंबाखू आणि मोबाइलचं असं नाही, ती बंद केल्यावर चिडचिड होते, जीव जात नाही.

औषधांचं. भारतात एडीएचडीसाठी मुख्यतः दोन औषधं वापरली जातात, मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन. अमेरिकेत राहणारे नातेवाईक ज्या ॲडेरॉलबद्दल बोलतात ते इथं मिळत नाही आणि कुणाच्या बॅगेतून आणूही नये. मिथाइलफेनिडेट हे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्स या कडक यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषध दुकानदार ठेवून घेतो. सगळ्या दुकानांत ते नसतं. 'केमिस्टनं माझ्याकडं संशयानं बघितलं' म्हणून औषध सोडणारे लोक असतात. ही लाज आधीच ओळखून डॉक्टरनंच नेमकं दुकान सांगून ठेवावं, एवढी छोटी गोष्ट फार उपयोगी पडते.

व्यसन असलेल्या माणसाला मिथाइलफेनिडेटच्या लवकर विरघळणाऱ्या गोळीऐवजी हळूहळू सुटणारी, लांब चालणारी गोळी निवडतात, कारण तिच्यानं एकदम किक बसत नाही आणि गैरवापर अवघड होतो. ती फोडून किंवा चावून घ्यायची नाही. दारूसोबत हे औषध घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, शिवाय चढलेली दारू कमी चढल्यासारखी वाटते आणि माणूस जास्त पितो. ॲटोमॉक्सेटिनची सवय लागत नाही. प्रौढाला साधारण चाळीस मिलिग्रॅमनं सुरू करून ऐंशीपर्यंत नेतात. पण त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या मेंदूला सहा आठवडे म्हणजे सहा वर्षं. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सुटते. हे पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करून दाखवायला हवं: या तारखेपर्यंत फरक दिसणार नाही, मळमळ मात्र दिसेल. रिकाम्या पोटी घेतलं तर जास्त. डोळे-लघवी पिवळी झाली तर लगेच डॉक्टर. सोबत डिप्रेशनवरची फ्लूऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची. दोन्ही औषधांच्या आधी आणि डोस वाढवल्यावर रक्तदाब आणि नाडी मोजायची.

'एका व्यसनातून काढून दुसऱ्या गोळीचं व्यसन लावताय' हा घरच्यांचा आक्षेप हमखास येतो. लहानपणी मिथाइलफेनिडेटसारखं औषध घेतलेल्या मुलांना पुढं व्यसन जास्त लागतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट हेही खरं सांगायला हवं की व्यसन जडलेल्या प्रौढांत केवळ औषधानं व्यसन सुटेल ही अपेक्षा फोल ठरते. औषधानं खुर्चीवर बसता येतं. बसून काय करायचं ते थेरपीत ठरतं.

आणि इथं खरं काम आहे. आम्स्टरडॅममध्ये व्यसनोपचाराला आलेल्या ११९ जणांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक आहे. अर्ध्यांना फक्त व्यसनावरची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) दिली, अर्ध्यांना व्यसन आणि एडीएचडी या दोन्हींवर एकत्र बेतलेली. एकत्र उपचारात एडीएचडीचा त्रास जास्त कमी झाला. व्यसनाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे एडीएचडीवर वेळ घालवला म्हणून व्यसनाचं काम मागं पडलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण 'आधी व्यसन बघू, बाकीचं नंतर' या वाक्यानं कितीतरी लोकांची वर्षं गेली आहेत.

सेशनची बांधणी कशी हवी? आठवड्याला एक, ठरलेला वार, ठरलेली वेळ, ती बदलायची नाही. आदल्या संध्याकाळी एक आणि त्या दिवशी दोन तास आधी एक असे दोन मेसेज. थेरपिस्टनं मेसेज पाठवणं म्हणजे लाड नाही. चष्मा लागलेल्याला फळ्याजवळ बसवण्यासारखंच ते आहे. पन्नास मिनिटांचा तास सलग न घेता तुकडे करायचे. पहिली पाच मिनिटं आठवडा कसा गेला, मग वीस मिनिटं एकच मुद्दा, मधे उठून पाणी प्यायचं, मग पंधरा मिनिटं त्याच मुद्द्याचा सराव. शेवटची दहा मिनिटं फक्त पुढच्या आठवड्यासाठी. त्या दहा मिनिटांत माणूस स्वतःच्या मोबाइलमध्ये अलार्म समोरच लावतो, त्याला नाव देतो, 'गोळी + नाश्ता' असं. घरी जाऊन लावतो म्हटलं की लागत नाही.

वहीला पर्याय द्यावा लागतो. तंबाखू खाणाऱ्यासाठी सगळ्यात चांगली वही म्हणजे एक पारदर्शक बरणी. रिकामी पुडी रस्त्यावर न टाकता खिशात, रात्री खिशातून बरणीत. आठवड्यानं बरणी घेऊन यायची आणि सेशनमध्ये मोजायची. लिहायचं काही नाही, आठवायचं काही नाही. दारू किंवा गेमसाठी यूपीआयचं स्टेटमेंट. रकमा, वेळा, ठिकाणं, सगळं तिथं आहे आणि खोटं बोलायची सोयही नाही, त्यामुळे खोटं बोलल्याची लाजही नाही. बुधवार आणि शनिवार, साडेसात ते पावणेआठ, एकच टपरी. नमुना डोळ्यांसमोर येतो. ज्याला बोलायला सोपं जातं त्यानं वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज स्वतःलाच पाठवावा. आणि यातलं काहीच झालं नाही तरी सेशनला यायचं, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगायचा. कोरी वही हीसुद्धा माहिती आहे. कुठल्या दिवशी अडलं, वही कुठं होती, रात्री किती वाजता आठवलं, यावर अख्खं सेशन घेता येतं.

काम आणि वेळेचं तंत्र. अमेरिकेत बोस्टनमध्ये विकसित झालेल्या आणि २०१० साली तपासल्या गेलेल्या प्रौढ एडीएचडीच्या सीबीटीतलं एक तंत्र आपल्याकडे जसंच्या तसं चालतं. कंटाळवाणं काम हाती घेतल्यावर मन पहिल्यांदा उठायला लागतं तोपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजायचा. समजा अकरा मिनिटं आली. तर कामाचे तुकडे दहा-दहा मिनिटांचे. त्या दहा मिनिटांत मनात आलेली प्रत्येक दुसरी गोष्ट, फोन करायचाय, बाइकची हवा, एक बार मळूया, समोरच्या कागदावर एका शब्दात टिपायची आणि वेळ संपल्यावर बघायची. बहुतेक गोष्टी तेव्हा तितक्या निकडीच्या उरत नाहीत. तलफसुद्धा याच कागदावर जाते. काट्यांचं घड्याळ लागतं, आकड्यांचं नको. उरलेला वेळ डोळ्यांना दिसला पाहिजे. स्वयंपाकघरात असाल तर कुकरच्या तीन शिट्ट्या हेही चांगलं माप आहे.

गोळ्यांसाठी सात खणांची डबी, आणि ती कपाटात ठेवायची नाही, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवायची. पगार झाला की पहिल्या दिवशीच घरखर्च आणि हप्ते आपोआप वळते होतील अशी सोय. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवायची. ही सगळी बाहेरची कुंपणं आहेत. इच्छाशक्तीच्या जोरावर काही करायला लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. जिथं कुंपण घालता येतं तिथं मनोबलाची परीक्षा घ्यायची नाही.

व्यसनमुक्तीच्या गटांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही धोक्याची चार नावं पाठ करून घेतात. एडीएचडीत पाचवं जोडावं लागतं, कंटाळा. आणि कंटाळ्याला इथं हलकं समजायचं नाही. रविवारी दुपारी चार वाजता जेवण पचलेलं, बाहेर ऊन, घरी सगळे झोपलेले, आणि आत नुसती तगमग. बऱ्याच घसरणी भांडणातून न होता या चार वाजल्यांतून होतात. त्या तासासाठी आधीच ठरवलेली, अंग हलेल अशी गोष्ट हवी. पुस्तक वाचेन, ध्यान करेन, असलं काही ठरवलं तर ते होत नाही. बाइक धुणं होतं.

आता लाजेवरचं काम जवळून दाखवतो. समजा एक गृहस्थ, वय चाळीसच्या आसपास, दोन महिने दारू बंद, आणि मंगळवारी पिऊन झालंय. तो म्हणतो, सहजच प्यालो. थेरपिस्ट घड्याळ मागं नेतो.

"प्यायच्या आधीचा अर्धा तास सांगा. कुठं होतात?"

"घरीच. लाइट बिल भरायचं राहिलं होतं. शेवटची तारीख गेली."

"कुणी काही बोललं?"

"नाही हो. ती बोलली नाही काही. नुसतं बघितलं."

"त्या बघण्यानं अंगात कुठं काय झालं?"

"कानशिलं तापली. पोटात कसंतरी. मान वर होईना."

"मनात कुठलं वाक्य आलं? जसं आलं तसंच सांगा."

"तुझ्याच्यानं काही होणार नाही."

"तुझ्याच्यानं म्हणालात, माझ्याच्यानं नाही. हे वाक्य पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं होतं?"

इथं बऱ्याचदा लांब शांतता होते. ती भरायची घाई करू नये. लाजेचं वाक्य प्रथमपुरुषात क्वचितच येतं, ते कुणाचं तरी उसनं असतं: वडिलांचं, चौथीच्या गुरुजींचं, पहिल्या साहेबांचं. ते कागदावर जसंच्या तसं लिहायचं, समोर ठेवायचं, आणि बिलापासून पहिल्या घोटापर्यंतची साखळी त्याच्याभोवती मांडायची. बिल राहिलं, बघितलं, कानशिलं तापली, वाक्य आलं, चप्पल घातली, टपरी, ग्लास. मग एकेका कडीला विचारायचं, इथं काय करता आलं असतं? वाक्य यायच्या आधीची कडी सगळ्यात सोपी असते. बिल स्वयंचलित भरणाऱ्या यादीत टाकणं, हे पाच मिनिटांचं काम सेशनमध्येच करून टाकायचं. वाक्य आल्यानंतरच्या कडीसाठी वेगळी तयारी लागते.

त्या तयारीसाठी ब्रिटिश मानसतज्ज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी मांडलेली, स्वतःशी दयेनं वागायला शिकवणारी करुणाकेंद्री थेरपी उपयोगी पडते. पण ती जशीच्या तशी दिली तर फसते. डोळे मिटून वीस मिनिटं बसा म्हटलं की एडीएचडीचा माणूस तिसऱ्या मिनिटाला स्वतःवर चिडतो, 'हेही जमत नाही'. म्हणून दोन मिनिटं, डोळे उघडे, चालत. चार पावलांत श्वास आत, सहा पावलांत बाहेर. मान खाली गेली असेल तर ती मुद्दाम सरळ करायची, खांदे मागे. स्वतःशी दयेनं बोलायचं म्हटलं की बहुतेक मराठी माणसाला ते फाजील लाड वाटतात. तिथं वेगळा प्रश्न कामी येतो: तुमच्या सख्ख्या भाच्याचं बिल राहिलं असतं आणि तो असाच मान खाली घालून बसला असता, तर त्याला काय म्हणाला असता? उत्तर लगेच येतं. "असू दे रे, आता भरून टाकू." हेच वाक्य, याच आवाजात, स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. पुस्तकातली सुविचारवजा वाक्यं इथं मदत करत नाहीत. 'असू दे रे' करतं.

यात जबाबदारी सुटत नाही, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाही वेळीच सांगायला हवं. कारण आणि सबब यांत फरक आहे. एडीएचडीमुळे बिल राहिलं हे कारण. म्हणून दंड बायकोनं भरावा, ही सबब. उसने पैसे, मोडलेले शब्द यांची यादी करायची आणि आठवड्याला एकच फोन करायचा. सगळी यादी एका रविवारी संपवायला निघालेला माणूस सोमवारी प्यायलेला असतो.

सिएटलमधले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. बंद केल्यानंतरचा पहिला घोट माणसाला जेवढा बुडवत नाही, तेवढं त्यानंतरचं 'झालं, सगळं वाया गेलं' हे मनातलं वाक्य बुडवतं. एक क्वार्टर तीन आठवडे होते ती त्या वाक्यामुळे. यासाठी शुद्धीत असताना एक कार्ड लिहून ठेवायचं, लॅमिनेट करायचं, पाकिटात आधार कार्डाच्या मागं ठेवायचं. मजकूर त्याच्याच शब्दांत, चार ओळींपेक्षा जास्त नाही:

'घेतली आहे. इथंच थांबतो.
दादाला फोन. उचलला नाही तर वहिनीला.
गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. पाणी, जेवण, झोप.
गुरुवारी सेशनला जाणार. वही नसली तरी.'

कार्डावर 'मी पुन्हा कधीही पिणार नाही' असं लिहू द्यायचं नाही. त्या रात्री ते वाक्य वाचणं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं.

घरच्यांबद्दल. बायको, आई, भाऊ थकलेले असतात आणि त्यांचा राग खरा असतो. त्यांना 'समजून घ्या' एवढंच सांगून घरी पाठवणं अन्याय आहे. त्यांना नेमकं काम द्यावं. 'किती वेळा सांगितलं?' याऐवजी एकदाच, समोर येऊन, एकच काम: "अहो, हे बिल आत्ता भरता का? मी इथंच थांबते." पाठमोऱ्या माणसाला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेली तीन कामं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि आळशी, निष्काळजी, बेजबाबदार हे तीन शब्द तीन महिने वापरायचे नाहीत. बायकोसाठीही वेगळी जागा हवी, जिथं तिला तिचं बोलता येईल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी चालणारा सहचरी हा गट याच गरजेतून आला.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगांनी महाराष्ट्रात असंख्य घरं सावरली आहेत, आणि त्या जरूर कराव्यात. दोन सूचना. दीड तास खुर्चीवर बसणं जमत नसेल तर मागं उभं राहावं, किंवा चहाची जबाबदारी मागून घ्यावी; हाताला काम असलं की कान उघडे राहतात. दुसरी सूचना एएच्या बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीबद्दल, जिथं स्वतःची निर्भयपणे नैतिक झाडाझडती घ्यायची असते. चाळीस वर्षं झाडाझडतीच देत आलेला माणूस ही पायरी एकट्यानं, रात्री, एका बैठकीत करायला गेला तर यादी संपत नाही आणि तो संपतो. ती स्पॉन्सरसोबत, म्हणजे गटातल्या जुन्या वाटाड्यासोबत, एका वेळी एक पान, आणि विसरणं-हरवणं-उशीर होणं या गोष्टी नैतिक दोषांच्या रकान्यात न घालता करावी. तो रकाना वेगळा.

कुठं जायचं? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण, वांद्र्यात फादर ज्यो परेरांनी १९८१ साली सुरू केलेलं कृपा फाउंडेशन, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, शिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे आणि जिल्हा रुग्णालयांचे मानसोपचार विभाग. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीतही. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. फोन लावण्याआधी हे तीन वाक्यांचं टिपण समोर ठेवा, म्हणजे ऐनवेळी जीभ अडखळणार नाही: 'मला अमुक व्यसन आहे, इतक्या वर्षांपासून. लहानपणापासून लक्ष लागत नाही, गोष्टी विसरतो. एडीएचडीची तपासणी आणि व्यसनाचा उपचार एकाच वेळी करणारे डॉक्टर हवे आहेत.' अपॉइंटमेंट मिळाली की फोन ठेवण्याआधीच विचारा, "आदल्या दिवशी मला मेसेज कराल का?"